काट्यावरची गोदावरी

गोदावरीबाई पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि अंजनाबाई सावध झाली. चाळीस वर्षांच्या शेजारात गोदावरीनं आपणहून गोड आणून दिल्याचं एकही उदाहरण नव्हतं. तिचा विकी मॅट्रिक पास झाला तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले आणि अंजनाबाईचं दार बरोब्बर गाळलं. ती आज हसत उभी म्हणजे काहीतरी झालंय, आणि ते आपल्या फायद्याचं नाही, एवढं अंजनाबाईला कळलं.

"घे वं, तोंड गोड कर," गोदावरी म्हणाली. "माझं नाव पुस्तकात आलं."

"कोन्त्या पुस्तकात?"

"कोन्त्या म्हणजे? भावनाच्या! इनाम नाई का भेटलं त्याले? विहार समितीच्या धर्मपालभाऊनं सगळ्यायले सांगितलं. पुस्तकाच्या मागं नावाची यादी असते म्हणे, त्यात पाह्यलं त्यानं. गोदावरी, चौदा पानांवर! रविवारी सत्कार हाय माझा. तुझं नाव हाय का वं कुठं?"

अंजनाबाईनं पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये. पेढा चांगला होता.

आता ही भावना कोण आणि पुस्तक कसलं, ते सांगून टाकतो. गुढियारी या हिंदी मुलखातल्या रेल्वेवस्तीत मालधक्क्याच्या मागे जी गल्ली आहे, तिथल्याच एका रेल्वे गार्डची ही पोरगी. शिकत शिकत दिल्लीला गेली आणि तिथंच शिकवायला लागली. आठ वर्षांपूर्वी ती रेकॉर्डर घेऊन गल्लीत परत आली. मालधक्क्यावर फाटकी पोती शिवणाऱ्या बायांवर तिला पुस्तक लिहायचं होतं. सलग तीन उन्हाळे आली. सगळ्यांशी बोलली, पण खरी बसली ती अंजनाबाईच्या ओट्यावर. अंजनाबाईच्या तोंडाला एकदा सुरुवात झाली की चहा तीनदा गरम करावा लागायचा.

पुस्तक इंग्रजीत निघालं. परदेशातल्या एका विद्यापीठाची स्वतःची प्रकाशन संस्था आहे, तिनं काढलं. ते लोक म्हणे एकेक पुस्तक चार-चार विद्वानांकडून तपासून घेतल्याशिवाय छापत नाहीत. नावाचा अर्थ 'काट्यावर बसलेल्या बाया' असा काहीतरी, काटा म्हणजे धक्क्यावरचा ट्रक तोलायचा वजनकाटा. आणि यंदा त्याला मजुरांच्या इतिहासावरचं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणून मोठा पुरस्कार मिळाला. गल्लीत कोणी ते वाचलं नव्हतं, पण ढोल मात्र वाजवून झाला होता.

मग चौदा पानांवर गोदावरी कशी? तर तिथंच सगळी गंमत आहे, आणि ती गंमत अंजनाबाईनं स्वतःच्या हातानं केलेली होती.

असल्या पुस्तकांचा एक दंडक असतो. जो माणूस आपली हकिगत सांगतो, त्याचं खरं नाव छापत नाहीत. उद्या त्याला त्रास व्हायला नको, म्हणून दुसरंच नाव ठेवतात. भावनानं हे नीट समजावून सांगितलं होतं, कागदावर सही घेतली होती आणि विचारलं होतं, "काकू, तुम्हाला कोणतं नाव ठेवू? तुमच्या आवडीचं सांगा."

त्या वेळी अंजनाबाईचे यजमान देवीदास रेल्वेत पॉइंट्समन होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पॉइंट्समनच्या बायकोनं एके काळी रेल्वेचाच मालधक्का बंद पाडला, हे छापून आलं आणि साहेबाच्या वाचनात गेलं तर? पेन्शन अडकली तर? चौकशी आली तर? अंजनाबाईनं विचार केला, की चौकशी यायचीच असेल तर ती कोणाच्या दारात गेलेली बरी. उत्तर शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. मधे एक भिंतच होती.

"गोदावरी," ती म्हणाली.

"छान नाव आहे," भावना म्हणाली आणि लिहून घेतलं. गल्लीतली पोरं गोदावरीला विकीची आई म्हणूनच ओळखायची, त्यामुळे तिला शंका आली नाही.

चौकशी काही आली नाही. देवीदास सुखरूप निवृत्त झाले, पेन्शन सुरू झाली. आणि आठ वर्षांनी आला तो पुरस्कार, आणि दिलेल्या पत्त्यावर बरोबर पोचला.

"भोग आता," देवीदास म्हणाले. सगळं ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तिच्या घरी पोलीस धाडून राहिली होती, शाल जाऊन राहिली!"

"हसून काय राहिले तुम्ही? बोललं कोण? तीन उन्हाळे घसा कोणी कोरडा केला? आन् शाल त्या गोदीले?"

"मंग सांग ना सगळ्यायले, की ते मीच होय म्हणून."

"आन् तिचं नाव काहून ठेवलं म्हणून विचारलं त?"

देवीदास पुन्हा हसायला लागले, तेव्हा अंजनाबाईनं त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला.

पण ती स्वस्थ बसणारी बाई नव्हती. दुपारीच तिनं भावनाला फोन लावला. आधी अभिनंदन केलं, मग खोकली, मग म्हणाली, "बाई, ते नाव बदलता येईल का वं आता? माझं खरं टाकता येईल का?"

भावनाला आनंदच झाला. "येईल ना काकू! पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघते आहे आता. तुम्ही लिहून दिलं तर प्रकाशक खरं नाव छापतील. मी रविवारी येतेच आहे, कागद घेऊन येते. सोमवारी मला सगळं पाठवायचंय, त्यानंतर मात्र काही बदलता येणार नाही."

बास! अंजनाबाईला बरं वाटलं. रविवारी गोदीला शाल घेऊ दे, खुशाल घेऊ दे. सोमवारी नाव आपलं. अंजनाबाई देवीदास, इंग्रजी अक्षरात, जगातल्या सगळ्या विद्यापीठांत. त्या दिवशीचा चहा तिनं देवीदासांना नव्यानं करून दिला, आलं घालून.

आता आपलं नाव जिथं लागणार ते आहे तरी कसं, हे बघावं म्हणून तिनं विहाराच्या कपाटातलं पुस्तक घरी आणलं. नात निधी बारावीत, इंग्रजी शाळेतली. पोट्टीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. दुपारची जेवणं झाल्यावर दोघी पंख्याखाली बसल्या.

"आजी, ये तो बहुत कठिन है," निधी म्हणाली. "आधा पन्ना तो नीचे छोटे अक्षरों में है."

"छोटे सोड. मोठे वाच."

निधी एकेक वाक्य वाचायची आणि हिंदीत सांगायची. आणि अंजनाबाईच्या डोळ्यासमोर तो धक्का उभा राहायला लागला. तांदळाची वॅगन लागायची, हमालांच्या आकड्यांनी पोती फाटायची आणि चाळीस बाया दाभण-सुतळी घेऊन ती शिवायच्या. मे महिन्यातसुद्धा वर छप्पर नाही, प्यायला नळ नाही. तान्ही पोरं वॅगनखालच्या सावलीत झोपवायची, आणि वॅगन हलायची वेळ झाली की ओरडत धावायचं. ठेकेदार म्हणायचा, पाणी पाजायचं माझ्या ठेक्यात नाही.

"लिखा है, गोदावरी घर-घर जाकर औरतों को बोली, कल से सुई नीचे."

"मीच!" अंजनाबाई म्हणाली.

"लिखा है, गोदावरी ने फटे बोरे जोड़कर बड़ा सा पंडाल सिल दिया, सब औरतें चार दिन उसी के नीचे बैठीं."

"मीच सिवला! बोटं पाह्य माझी, अजून वाकडी हाय."

"और साहब से नल का लिखवाकर लिया. बोली, ज़बान नहीं चलेगी, कागज़ दो."

"आन् देल्ला त्यानं कागद!" अंजनाबाई मांडी बदलून ताठ बसली. चार विद्वानांनी तपासलेलं होतं हे, काही खोटं नव्हतं त्यात.

निधीनं पान उलटलं. "अब धरमकाँटे वाला है. चौथे दिन ठेकेदार बाहर के मजदूर लाया, ट्रक भर गए. पर ट्रक को तौले बिना जाने नहीं देते. तो सबसे पहले गोदावरी अकेली जाकर काँटे की लोहे की प्लेट पर बैठ गई. गोद में छह महीने का बच्चा था." ती थांबली. "आजी, छह महीने का कौन? पापा तो तब पहली में थे. आप ही बोलती हो ना, यशदीप को स्कूल छोड़ के धक्के पे जाती थी."

अंजनाबाईनं 'मीच' म्हणायला तोंड उघडलं, आणि बोटांवर वर्षं मोजायला लागली.

ते दृश्य तिला आत्ता, या क्षणीही, लख्ख दिसत होतं. ट्रक मावेल एवढी लोखंडी पाटी. तापलेली. मधोमध बसलेली बाई, हिरवं लुगडं, पाठीवर घामाचा ओला पट्टा, आणि खांद्यावरून दिसणारं बाळाचं डोकं. वर्षानुवर्षं तिला हे असंच दिसायचं. पण पाठ दिसायची. बाईची पाठ. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसते का?

ती पोत्यांच्या थप्पीमागे उभी होती. तिथून बघत होती. काट्यावर बसली होती ती गोदावरी, आणि मांडीवर होता तो विकी.

खोटं बोलायचं असं तिनं कधी ठरवलं नव्हतं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. नळ आला, छप्पर आलं, मग नागपूरच्या बहिणीला सांगताना ती म्हणाली, 'आम्ही काट्यावर बसलो.' ते खरंच होतं, नंतर सगळ्याच बसल्या होत्या. मग सुनेला सांगताना 'आम्ही'चं 'मी' झालं. आणि भावनाचा रेकॉर्डर चालू होईपर्यंत ते बाळही या मांडीवरून त्या मांडीवर आलेलं होतं. सांगताना अंजनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खरं होतं, हेच तर वाईट!

"बंद कर," ती निधीला म्हणाली. "अभ्यास कर तुझा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोदावरी दारात. या वेळी डबा नव्हता, चेहऱ्यावर काळजी होती.

"अंजने, धर्मपालभाऊ म्हणते दोन शब्द बोला. म्या काय बोलू? पुस्तकात म्या काय केलं तेच मले मालूम नाई. निधीले म्हण ना, जरासं वाचून दाखव म्हणून."

"परीक्षा हाय तिची," अंजनाबाई म्हणाली. परीक्षेला चार महिने होते. "आन् काही मोठं नाई लिवलं. नळ आणला म्हणून लिवलं हाय."

"नळ?" गोदावरी चक्रावली. "नळासाठी त तू भांडली साहेबासंग. माझं नाव काहून टाकलं मंग?"

"पुस्तकवाल्यायचं काय सांगता येते!"

"सांगू का भावनाले? की अंजनाचं टाक म्हणून?"

अंजनाबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीनं पोटात घ्यावं. आयुष्यात कधी नाही ते ही बया आजच चांगली वागायला निघाली! "राहू दे," ती कशीबशी म्हणाली. "सत्कार ठरला आता तुझा. हिरवी साडी नेस."

त्या दिवशी अंजनाबाईचं कशातच लक्ष लागलं नाही. भातात मीठ दोनदा पडलं. देवीदासांनी निमूट खाल्लं आणि मग म्हणाले, "झालं काय तुले?"

तिनं सांगितलं. पहिल्यांदाच, सरळ. देवीदास या वेळी हसले नाहीत.

"गोदावरीले आठवत असन का?" त्यांनी विचारलं.

"पोरगं तिचं होतं, तिले नाई आठवन?"

"मंग ते कधी बोलली काहून नाई?"

हा प्रश्न अंजनाबाईलाही पडलेला होता. पस्तीस वर्षांत गोदावरीनं नळावरून भांडण काढलं, भिंतीवरून काढलं, पापडावरून काढलं. पण 'काट्यावर पहिली मी बसली होती' हे एकदाही काढलं नाही. अंजनाबाईनं स्वतःची समजूत घातली, की गोदी विसरली असेल. आणि विसरली असेल तर मग कोणाचं काय बिघडतंय? रविवार जाऊ द्यावा, सही करावी, नाव लावून घ्यावं. बाकीचं सगळं तर आपणच केलं होतं. एक काटा सोडला तर.

पण पुस्तकाचं नावच काट्यावर होतं.

रविवारी सकाळी विहाराचा हॉल भरला. रेल्वेतले, जवळपासच्या कारखान्यांतले, सरकारी कचेऱ्यांतले, सगळे आले. वंदना झाली, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार झाला. गोदावरी हिरव्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारी विकी, पस्तिशीचा, पोट सुटलेला, मोबाइलवर आईचे फोटो काढत. अंजनाबाई तिसऱ्या रांगेत बसली. भावनानं येता येताच तिच्या हातात कागद दिला होता आणि वाकून कानात म्हणाली होती, "काकू, इथं सही करा, कार्यक्रम संपला की घेते." कागद घडी घालून मुठीत होता आणि मुठीला घाम सुटला होता.

धर्मपालभाऊनं भाषण केलं. दहा मिनिटं म्हणून उभे राहिले आणि पाऊण तास बोलले, त्यात पुस्तकाबद्दल दोन वाक्यं होती. मग भावना उठली. सत्कार भलत्याच बाईचा होतोय हे तिला कळत होतं, पण कागदावर सही होईपर्यंत खरं नाव बोलता येत नव्हतं.

"परीक्षकांनी ज्या पानाचं खास कौतुक केलं," ती म्हणाली, "तेच वाचते. तुमच्यासाठी मराठी करून आणलंय."

आणि तिनं काट्याचं पान वाचलं. तापलेलं लोखंड, रांगेत थांबलेले ट्रक, हॉर्न. काटेवाल्या बाबूनं 'उठ, नाहीतर ट्रक अंगावर घालायला सांगतो' म्हटलं तरी न उठलेली बाई. आणि मांडीवरचं बाळ. पुढं भावनानं लिहिलं होतं, की बाळाला सोबत नेणं हा त्या बाईचा विचारपूर्वक डाव होता. आईपणाचंच तिनं हत्यार केलं, कारण बाळासकट आईवर ट्रक घालायची कोणाची छाती होणार नव्हती.

अंजनाबाई गोदावरीच्या पाठीकडे बघत होती. पुन्हा पाठच. ती पाठ वाचन सुरू होताना सैल होती, आणि बाळाचा उल्लेख आला तशी ताठ झाली. गोदावरीचा हात हळूच विकीच्या गुडघ्यावर गेला. विकीनं मोबाइल खाली ठेवला.

मग शाल झाली, टाळ्या झाल्या आणि माइक गोदावरीच्या हातात आला.

"म्या काही भाषण पाठ करून आणलं होतं," ती म्हणाली. "ते राहू द्या. हे पोरगं म्हणजे हा विकी होय." तिनं बोट दाखवलं. विकी उगाच उठून उभा राहिला आणि खाली बसला. "त्या दिवशीचं म्या कोणालेच कधी सांगितलं नाई. घरचे मारतीन म्हणून आधी नाई सांगितलं, मंग सांगायची सवयच राहिली नाई. मले वाटे, कोणालेच आठवत नसन. नळाचं सगळ्यायले आठवे, काट्याचं कोणी बोलेच नाई. पण कोणीतरी पाह्यलं होतं. कोणीतरी माझ्या नावासकट, पोरासकट ध्यानात ठेवलं आन् या पोरीले सांगितलं. भावना, कोण होय ते? मले तिच्या पाया पडायचं हाय."

भावना बुचकळ्यात पडली. तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून अंजनाबाईला कळलं, की पोरीला काहीतरी चुकल्याचा वास आला आहे, पण सांगणाऱ्याचं नाव फोडायचं नाही या दंडकानं तिचं तोंड बांधलेलं आहे. म्हणजे भावना बोलणार नव्हती. गोदावरीला ठाऊक नव्हतं. देवीदास मरेपर्यंत बोलले नसते. गप्प बसलं की झालं होतं.

अंजनाबाई उठली.

"म्या सांगितलं," ती म्हणाली. पुढं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "गोदे, म्या सांगितलं. पण तुझं म्हणून नाई सांगितलं. माझं म्हणून सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काट्यावर पहिली मी बसली असं सांगितलं. आन् तुझं नाव ध्यानात ठेवून नाई देल्लं. चौकशी आली त तुझ्या घरी जावं म्हणून देल्लं." एवढं बोलली आणि तिला हलकं वाटलं, आणि लगेच भयंकर वाटलं. "पाया नको पडू माझ्या. चप्पल हाण पाहिजे त."

धर्मपालभाऊ माइक काढून घ्यावा की नाही अशा विचारात अर्धवट उठून तसेच थांबले होते. गोदावरी अंजनाबाईकडे टक लावून बघत राहिली.

"चोट्टी!" ती माइकमध्ये म्हणाली, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "चोट्टी कुठली! पोरगंसुद्धा चोरलं माझं!"

आधी देवीदासांचं हसू फुटलं. मग विकीचं. मग सगळा हॉल हसला, आणि गोदावरीला स्वतःलाच ते आवरेना. तिनं शालीच्या टोकानं तोंड झाकून घेतलं. अंजनाबाई हसत होती का रडत होती, तिचं तिला ठाऊक.

भावना मात्र हसली नव्हती. पोरगी पांढरी पडली होती. तिनं पुढं येऊन हळूच विचारलं, "काकू, म्हणजे पुस्तकात चूक आहे?"

"हाय बाई," अंजनाबाई म्हणाली. "चौघायनं तपासली तरी राहिली. तू मले विचारलं, म्या तुले ठोकून देल्लं. तुझ्या इनामाले काही होईन का वं?"

भावनानं पिशवीतून वही काढली. "होईल ते होईल. नव्या आवृत्तीत मी सुरुवातीलाच लिहीन, की मला काय चुकीचं सांगितलं गेलं आणि मी काय तपासलं नाही." ती गोदावरीकडे वळली. "गोदावरीकाकू, तुम्ही सांगाल मला? पहिल्यापासून?"

"सांगतो ना. पण हिले बसव इथं बाजूले, पुन्हा माझं उचलून नेईन." गोदावरी स्टेजच्या पायरीवरच बसली आणि सरकून जागा केली. अंजनाबाई जाऊन बसली. त्या काट्यानंतर दोघी एवढ्या जवळ कधी बसल्या नव्हत्या.

"मी एकटी अर्धा घंटा होती काट्यावर," गोदावरी म्हणाली. "मंग ही आली."

"पंधरा मिनिटं," अंजनाबाई म्हणाली.

"अर्धा घंटा! बुड माझं भाजून राहिलं होतं, मले मालूम! तू काहून नाई आली वं लवकर? पुढारीण त तू होती."

हा प्रश्न तिनं चिडून नाही, खरंच विचारला. पस्तीस वर्षं तो तिच्या मनात होता, हे अंजनाबाईला दिसलं.

"भेली होती," अंजनाबाई म्हणाली. "सगळ्यायले गोळा केलं म्या, आन् ऐन टायमाले थप्पीमागं उभी राहिली. पायच उचलेना."

गोदावरीनं मान हलवली. मग शाल सारखी करत म्हणाली, "मीबी भेली होती. या पोरीनं लिवलं ना, हत्यार का काय ते? तसं काही नाई. एकटीनं बसायची हिंमत नव्हती माझी. सोबत कोणी येऊन नाई राहिलं, म्हणून पोरगं घेतलं आन् बसली."

भावनाचा पेन वहीवर थांबला. मग तिनं ते शब्द तसेच लिहून घेतले. अंजनाबाईनं मुठीतला कागद मांडीवर पसरला, घामानं ओला झालेला तो नीट केला आणि पेन मागून घेतला. नावाच्या जागी तिनं सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. खाली जिथं काही कळवायचं असेल तर असं छापलं होतं, तिथं तिनं वाकड्या बोटांनी लिहिलं, की काटा गोदावरीचा आहे, आणि मी उशिरा आली.